पाणी पिणारी गाडी

लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मी मामाजींशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, म्हशीमार्फत बोलले. आमच्याकडे तेव्हा सुनेनं सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. पदर डोक्यावर, नजर जमिनीवर आणि बोलणं तिसऱ्याशी. सासूबाई घरात असल्या की त्यांच्याशी बोलायचं आणि मामाजींनी ऐकायचं. त्या नसल्या तर समोर जे असेल ते चालायचं. मांजर चालायचं, जातंही चालायचं. मला म्हैस बरी वाटे, कारण ती निदान मान हलवायची. "म्हशी, मामाजीले सांग, चहा झाला," असं मी म्हणायची. मामाजी दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत. ते म्हशीला म्हणत, "सांग तिले, इकडंच आण म्हणा." म्हैस रवंथ करत राही आणि आमचं सगळं सुरळीत चाले.

गोष्ट गाडीची आहे, पण म्हशीवाचून ती सांगता येत नाही.

ऐंशी सालाच्या आसपास आमच्या ह्यांनी एका जंगल ठेकेदाराकडून जुनी पिकअप घेतली. पुढून जीप, मागे उघडा हौदा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सुतळीनं बांधलेलं. सकाळी लोखंडी हँडल मारून ती चालू करावी लागे आणि चालू झाली की गावातली निम्मी कुत्री हौद्यामागे धावत. ह्यांचा बेत असा की आजूबाजूच्या खेड्यांतली वांगी, मिरच्या, धानाचा कोंडा, जे मिळेल ते मोहाडीच्या आणि पुढच्या बाजारांना पोचवायचं. मामाजींचा बेत वेगळाच होता. सासूबाईंच्या भावानं धानगिरणीत ह्यांच्यासाठी मुनीमाची जागा बघून ठेवली होती. सावलीतलं काम, खुर्ची आणि भिंतीवर पंखा.

मामाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बाजारात बैलाचे दात बघतात तशी तिच्या तोंडाची जाळी बघितली आणि निकाल दिला. "संक्रांतीपर्यंत चालव. तोवर नीट चालली तर चालली. नाही तर भंगारवाल्याले देऊन गिरणीत जायचं. अन् तोवर मी ह्या गाडीले हात लावणार नाही, पाय ठेवणार नाही."

मला गाडी हवी होती. यात ह्यांच्यावरचं प्रेम कमी आणि माहेर जास्त होतं, हे मी आता कबूल करते. माझं माहेर लाखांदूरकडचं. एसटीनं जायचं तर दोन बस बदलायच्या आणि मधल्या फाट्यावर दुसरी बस येते की नाही याचा विचार करत बसायचं. पिकअपनं मात्र मी पुढच्या सीटवर बसून, खिडकीतून हात बाहेर काढून, सरळ आईच्या दारात उतरले होते. एकदाच, पण उतरले होते. गल्लीतल्या सगळ्या बायांनी बघितलं होतं. तो थाट मला सोडायचा नव्हता.

दिवाळीनंतर गाडी पाणी प्यायला लागली.

ज्यांना गाडीचं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही तेव्हा कळत नव्हतं. इंजिन तापतं, त्याला थंड ठेवायला पुढे रेडिएटर असतो, त्यात पाणी भरतात. आम्ही साधं विहिरीचं भरायचो. ते कमी झालं की इंजिन उकळतं आणि अगदीच संपलं तर इंजिनाचं श्राद्ध घालावं लागतं. तर सकाळी हे झाकण उघडून बघत तेव्हा निम्मं पाणी गायब. भरून निघत. बाजारात पोचून बघत तर पाणी काठोकाठ. परत येऊन बघत तरी काठोकाठ. रात्र उलटून सकाळ झाली की पुन्हा निम्मं. एका सकाळी घाईत बघायचं राहिलं तर गाडी अर्ध्या वाटेत वाफ सोडत उभी राहिली आणि ज्यांची वांगी हौद्यात होती ती माणसं पुढच्या बाजाराला पुन्हा बैलगाडी जुंपून गेली.

"गाडी पाणी पिऊन राहिली," हे म्हणाले.

"बैलही पेतो," मामाजी म्हणाले. "पण बैल संध्याकाळी घरी येऊन उकळत नाही."

ह्यांनी तपास सुरू केला. गाडी गोठ्याच्या कडेला उभी असायची, तिथे खाली चुलीतली राख पसरली. थेंब पडला तर राखेत दिसेल. सकाळी राख कोरडी. कोंबड्यांची पावलं आणि मधोमध एक वाटोळं, नीट गोल वळं. हे त्या वळ्याकडे बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "जॅक ठेवला असंल मी." जॅक चौकोनी होता. सासूबाईंनी वळं बघितलं आणि काही न बोलता गाडीला लिंबू-मिरची बांधली. त्या दिवशी पाणी नेहमीसारखंच निम्मं झालं. लिंबू तेवढं तजेलदार राहिलं.

मग भंडाऱ्याच्या मिस्त्रीकडे फेऱ्या सुरू झाल्या. हा मिस्त्री चिंचेखाली बसायचा आणि गाडीपेक्षा गाडीच्या आवाजावर त्याचा जास्त विश्वास होता. पहिल्या फेरीत त्यानं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते बघितलं. आले नाहीत. ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइल दुधासारखं पांढरं झालेलं नव्हतं. सायलेन्सरपुढे तळहात धरून धूर हुंगला. वॉटर पंपाखाली बोट फिरवलं, कोरडं. तरी रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून त्यानं होज पाइप बदलला. दुसऱ्या फेरीत रेडिएटर उतरवून, पाण्यात बुडवून, हवा भरून बघितला. एकही छेद नाही. तरी दोन ठिकाणी झाळ लावली, म्हणाला, पुढं कधी कामी येईल.

तिसऱ्या फेरीला मी बरोबर होते. संक्रांत दोन दिवसांवर आली होती आणि मला तीळ, गूळ आणि हळदीकुंकवासाठी हळद घ्यायची होती. मी पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मिस्त्री गाडीसमोर उकिडवा बसून तिच्याकडे बघत होता.

"भाऊ," तो ह्यांना म्हणाला, "गाडी चालते तवा पाणी खात नाही. उभी राहते तवा खाते. इंजिन बंद, पंप बंद, प्रेशर बंद. मंग पाणी जाते कुठं? वीस वर्षं झाली मले ह्या धंद्यात. अशी केस मी पाहिली नाही."

"परवा भंगारवाला येऊन राहिला," हे म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला गिरणीतला पंखा ऐकू आल्यासारखं वाटलं.

मिस्त्रीची नजर माझ्या पिशवीकडे गेली. "वहिनी, हळद आहे काय?"

होती. माझ्या हळदीकुंकवाची. त्यानं पुडी फोडून दोन मुठी हळद रेडिएटरात टाकली आणि इंजिन चालू केलं. "गरम पाण्यात हळद फुगते अन् बारीक छेद असंल तर बुजवून टाकते," तो म्हणाला. "नाहीच बुजला, तर जिथून पाणी निघते तिथं पिवळा डाग पडते. हळद खोटं बोलत नाही." मी उरलेली पुडी घट्ट धरून ठेवली. माझ्या सवाष्णींची हळद एका गाडीच्या पोटात गेली होती आणि तेही जुन्या गाडीच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी निम्मं. ह्यांनी बॉनेट उघडून बोटभर बोटभर जागा तपासली. खाली झोपून बघितलं. एकही पिवळा ठिपका नाही. मग ते ओट्यावर जाऊन बसले आणि चहा दिला तरी त्याच्याकडे बघेनात. मामाजी खुर्चीवर होते. त्या सकाळी त्यांनी पायांत तपकिरी मोजे घातले होते. घरात. मी मनात म्हटलं, थंडी असेल.

"उद्या भंगारवाल्याले येऊ दे," ते म्हणाले. नेहमीसारखं ठासून नाही. जरा दुसरीकडे बघत.

दुपारी मी विहिरीवर धुणं घेऊन बसले. मामाजींचा पंचा दगडावर टाकला, साबण फिरवला आणि पंचा लालभडक झाला. रक्त असेल म्हणून मी पंचा उलटून बघितला. मग साबण हातात तसाच राहिला आणि मला हसू यायला लागलं, कारण हे लाल मला ओळखीचं होतं. हळदीच्या कपड्याला साबण लागला की तो लाल होतो. आपल्या लग्नाची साडी धुताना प्रत्येक मुलगी घाबरते आणि हे शिकते. आणि आमच्या घरात त्या दिवशी हळद लागावी असं कोणाचंही लग्न नव्हतं.

मी गोठ्यात जाऊन बघितलं. कोपऱ्यात मामाजींची बादली पालथी घातलेली. तिच्या आत, निम्म्या उंचीवर, पिवळी रेघ. मी बादली सुलटी करून राखेतल्या वळ्यावर ठेवली. भांड्यावर झाकण बसावं तशी बसली. वर गाडीच्या पोटाखाली रेडिएटरला एक छोटी पितळी तोटी होती. तिचा कान इतका घासून चकचकीत झालेला की तशी चमक अख्ख्या गाडीत दुसरीकडे कुठेच नव्हती.

तर असं होतं. हे बाजारातून येत, चहा घेऊन पानठेल्यावर जात. मी स्वयंपाकात, सासूबाई देवापाशी. आणि मामाजी, ज्यांनी गाडीला हात लावणार नाही, पाय ठेवणार नाही असं गावासमोर सांगितलं होतं, ते गोठ्यामागे बसून गाडीच्या गरम पाण्यात पाय टाकत होते.

मग माझं हसू थांबलं. ह्यांना सांगितलं तर गाडी वाचत होती, पण मामाजींची चोरी मुलापुढे उघडी पडत होती आणि उद्यापर्यंत पानठेल्यावर. तो माणूस त्यानंतर घरात कोणाच्या डोळ्याला डोळा देऊ शकला नसता. नाही सांगितलं तर उद्या गाडी भंगारात, हे गिरणीत आणि मी फाट्यावर एसटीची वाट बघत. मला दोघांचाही राग आला. एकाचा पाणी काढतो म्हणून, दुसऱ्याचा अख्खं इंजिन तपासतो पण बापाचे मोजे तपासत नाही म्हणून.

संध्याकाळी मामाजी गोठ्यात आले तेव्हा मी म्हशीखाली बसले होते. हे नुकतेच पानठेल्याकडे गेले होते. मामाजींनी बादली उचलली.

"म्हशी," मी धार काढता काढता म्हणाले, "आज पंचा धुतला तर लाल झाला."

बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हशी," मामाजी म्हणाले, "विचार तिले, कोणाले सांगितलं काय?"

"म्हशी, मामाजीले सांग, तुह्याशिवाय कोणाले नाही."

मामाजी दावणीच्या कडेला टेकले. मग ते म्हशीला सगळं सांगत गेले आणि मी धार काढत ऐकत गेले. कार्तिकात त्यांचे गुडघे इतके धरले होते की खाली बसलं तर भिंत धरून उठावं लागे. एका वैदूनं सांगितलं होतं, लोखंड तापवून पाण्यात विझवा, त्या पाण्यानं शेका. आता रोज कोण लोखंड तापवणार? एका संध्याकाळी त्यांचा हात चुकून तोटीला लागला आणि कढत, तांबूस, लोखंडाच्या वासाचं पाणी आलं. गाडीत एवढं लोखंड, तेही दिवसभर तापलेलं.

"अन् मले वाटलं, ते वापरलेलं पाणी आहे," ते म्हणाले. "बैल सकाळी पेतो, दिवसभर राबतो, संध्याकाळी सोडून देतो. पोरगा रोज सकाळी गाडीले पाणी पाजे. मी म्हटलं, संध्याकाळी ते काढूनच टाकावं लागत असंल. मी तर तिचं काम करून देऊन राहिलो होतो."

"म्हशी, विचार, मंग खरं कळलं कधी?"

"सांग तिले," मामाजी म्हणाले, "मिस्त्रीकडं पहिल्यांदा गेले तवा. रोज म्हणो, आज काढत नाही. पण संध्याकाळ झाली का गुडघे आयकत नाही."

त्यांनी धोतर जरा वर केलं. मोज्यांच्या वर, गुडघ्यापर्यंत, दोन्ही पाय नवरदेवासारखे पिवळे. मला एवढं हसू आलं की मी म्हशीच्या पोटात डोकं घातलं, आणि मला वाटतं मामाजीही हसत होते, पण मी बघितलं नाही. रीत ती रीत. त्या संध्याकाळी तोटी कोणी उघडली नाही. मी चुलीवर पाणी तापवलं, त्यात गाडीचाच एक जुना बोल्ट टाकला आणि बादली गोठ्यात नेऊन ठेवली.

संक्रांतीच्या सकाळी ह्यांनी झाकण उघडलं आणि पाणी काठोकाठ होतं. त्यांनी झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मला हाक मारून दाखवलं. पिवळंधमक पाणी, अगदी वरपर्यंत. "बसली," ते म्हणाले. "हळद बसली." असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातही बघितला नव्हता.

मग तिळगूळ द्यायची वेळ आली. सासूबाई ताट घेऊन उभ्या. हे मामाजींच्या पाया पडायला पुढे आले आणि सासूबाई कडाडल्या, "अजी, मोजे काढा ना आधी. पोरगा पाया पडून राहिला अन् तुम्ही मोजे घालून बसले. शोभते काय?"

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. मी काय करणार? म्हैस तिथे नव्हती. त्यांनी एकेक मोजा काढला. सासूबाईंची नजर अधू आणि ताटातल्या दिव्यावर, पण हे खाली वाकले ते थेट त्या पायांशी. नखांच्या कडा अजून हळदीच्या होत्या. हे वाकले ते वाकलेच. मी मोजत होते. एवढा वेळ कोणी देवाच्याही पाया पडत नाही.

उठले तेव्हा त्यांचा चेहरा साधा होता. "बाबा," ते म्हणाले, "गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत," मामाजी म्हणाले.

दुपारी भंगारवाला आला. मामाजी स्वतः दारात गेले, त्याच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि सांगितलं, "सणाच्या दिवशी घरातलं काही विकत नसते. अन् उद्याही येऊ नको. गाडी चांगली चालून राहिली." गाडी तेव्हा उभी होती, पण भंगारवाल्यानं वाद घातला नाही. ह्यांनी तिकडे कोपऱ्यात तोंड फिरवून डोळे पुसले. मीही पुसले, आणि मनातल्या मनात माहेरच्या गल्लीत उतरले.

संध्याकाळी मी तापवलेली बादली घेऊन गोठ्यात गेले तर तिथे आधीच एक बादली होती. गाडी त्या दिवशी एक फेरी मारून आणून उलटी लावलेली, तोंड गोठ्याकडे, तोटी थेट मामाजींच्या बसायच्या जागेजवळ. खाली मामाजींची बादली, निम्मी भरलेली, वाफाळती. हे पानठेल्याकडे निघाले होते, माझ्याकडे न बघता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विहिरीवरून दोन कळश्या आणल्या, रेडिएटर भरला, झाकण लावलं आणि एक शब्द बोलले नाहीत. ती गाडी पुढे सात वर्षं रोज रात्री पाणी प्यायली आणि आमच्या घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. भंडाऱ्याचा मिस्त्री मात्र तेव्हापासून येईल त्या गाडीत हळद टाकायचा आणि आमचं नाव सांगायचा.

मामाजींना शेवटपर्यंत वाटत राहिलं की ती बादली मीच भरून ठेवते. त्या संक्रांतीनंतर दोन-चार दिवसांनी ते पाय सोडून बसले होते, मी धार काढत होते, आणि ते म्हणाले, "पोराले कळू देऊ नको. त्याले वाईट वाटंल."

म्हशीला म्हणाले असतील म्हणून मी वाट बघितली, पण ते माझ्याशी बोलत होते. मी मान वर केली आणि म्हटलं, "नाही कळू देत, मामाजी."